मागचे स्पीकर पुन्हा गप्प: घरी ५.१ रॉक अल्बम ऐकताना घोडं कुठं पेंड खातं

"ओ, मागचे स्पीकर परत गप्प झाले की! परवापर्यंत तर झकास वाजत होते." असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मधे लाइट गेली होती का? बहुतेक वेळा गेलेली असते. ज्यांच्याकडं गेलेली नसते, त्यांच्याकडं कुणीतरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोटं घातलेली असतात, नाहीतर नवी डिस्क आणून जुन्याच प्लेयरमध्ये लावलेली असते. स्पीकर खरोखर जळालाय असं क्वचित निघतं. तरी माणूस आधी आपल्या सोलापूरची नवी पेठ गाठतो आणि स्पीकरच्या किमती विचारून येतो.

हे सिनेमावाल्यांसाठी नाही. जुने रॉक अल्बम मूळ मल्टिट्रॅक (वाद्यं सुटी सुटी असलेल्या) टेपवरून पुन्हा मिक्स होऊन ५.१ मध्ये (पुढं तीन, मागं दोन स्पीकर आणि खर्जाला सबवूफर) किंवा डॉल्बी ॲटमॉसमध्ये (त्यात छताचे स्पीकरही धरलेले) निघालेत, ते घरी नीट ऐकायचेत अशांसाठी आहे. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ चा. त्याचं ५.१ मिक्स जेम्स गथ्रीनं केलं, ते २००३ मध्ये एसएसीडीवर (सुपर ऑडिओ सीडी) आलं; २०२३ च्या ब्लू-रेवरचं ॲटमॉस मिक्सही त्याचंच. किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस यांचे जुने अल्बम स्टीव्हन विल्सननं ५.१ मध्ये आणले. बीटल्सच्या 'ॲबी रोड'चं ॲटमॉस मिक्स २०१९ मध्ये जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी केलं. या मिक्समध्ये मागचे स्पीकर नुसता घुमारा आणि टाळ्या वाजवायला ठेवलेले नसतात. एखादी गिटार, एखादा कोरस, कीबोर्डचा एखादा तुकडा सरळ मागेच बसवलेला असतो.

आणि खरी अडचण इथंच आहे. सराउंड बिघडलं तरी गाणं बंद पडत नाही. प्लेयर सहा चॅनल दोनात कालवून पाठवतो, मागची गिटार पुढून ऐकू येते, गाणं पूर्ण वाटतं. कुठं लाल दिवा लागत नाही, कुठं काही चुकलंय असा संदेश येत नाही. वर रिसीव्हर, म्हणजे प्लेयर आणि स्पीकर यांच्या मधला ॲम्प, फार हुशार असेल तर आलेले दोन चॅनल तो पाचही स्पीकरवर पसरून देतो आणि आपण खूश! महिनोन्‌महिने स्टिरिओ ऐकून "५.१ मध्ये काय एवढं विशेष नाही बघ" असं म्हणणारी माणसं मला माहीत आहेत. तेव्हा या कामात कानावर नंतर विश्वास ठेवा. आधी रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ठेवा.

आधी टेस्ट टोन

रिसीव्हरच्या सेटअप मेनूत टेस्ट टोन असतो. तो लावला की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीनं 'खळ्‌ऽऽ' असा आवाज फिरतो. मागच्या दोन्ही स्पीकरमधून तो आला, तर स्पीकर, वायर आणि रिसीव्हरचा ॲम्प तिन्ही ठीक आहेत. मग पैसे खर्च करायचे नाहीत, स्टूल घेऊन वायरी ओढायच्या नाहीत. बिघाड रिसीव्हरच्या अलीकडं आहे: डिस्क, प्लेयर, जोडणी किंवा सेटिंग.

टोन आला नाही, तर बिघाड पलीकडं. डावा-उजवा स्पीकर आपसात बदलून बघा. गप्पपणा स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर गेलेला. जागेवरच राहिला तर वायर किंवा रिसीव्हरचं ते टर्मिनल. मागची वायर सतरंजीखालून नेलेली असेल तर पाय पडून पडून ती आतल्या आत तुटते, वरून दिसत नाही. उंदरांचंही हे आवडतं काम. आणि सेटअपमध्ये 'सराउंड: नन' झालंय का तेही बघा. कुणीतरी खोलीचं कॅलिब्रेशन (मायक्रोफोननं स्पीकरची मापं घेणं) करताना मागच्या स्पीकरची वायर सैल असेल, तर रिसीव्हर "तिथं स्पीकर नाही" असं स्वतःच ठरवून मोकळा होतो.

टोन येतो पण गाणं येत नाही, असंच बहुतेकांचं असतं. तर तिकडं वळू.

लाइट गेली की नेमकं काय होतं

एचडीएमआय वायरीतून प्लेयरचा आवाज एकाच दिशेनं जातो, पण त्याआधी दोन्ही यंत्रांचं बोलणं होतं. समोरचं यंत्र आपली सगळी माहिती प्लेयरला देतं: मला किती चॅनल चालतात, डीटीएस (डॉल्बी डिजिटलसारखाच आवाज दाबून भरायचा प्रकार) कळतं का, चित्र कसलं दाखवू शकतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. लग्नाचा बायोडाटाच समजा. प्लेयर तो वाचतो आणि त्याप्रमाणं काय पाठवायचं ते ठरवतो. मधे रिसीव्हर चालू असेल तर तो टीव्हीचा चित्रापुरता आणि स्वतःचा आवाजापुरता असा जोडून बायोडाटा देतो: सहा-आठ चॅनल चालतात, डीटीएस चालतं, सगळं चालतं. पण रिसीव्हर स्टँडबायमध्ये असेल आणि त्याची एचडीएमआय पास-थ्रू (स्वतः झोपेत असतानाही प्लेयरचं सगळं टीव्हीकडं सोडायची) सोय चालू असेल, तर प्लेयरच्या हातात पडतो थेट टीव्हीचा बायोडाटा. टीव्हीला स्वतःचे स्पीकर दोनच. प्लेयर म्हणतो, ठीक, दोन चॅनल पाठवतो.

आता सोलापुरातल्या घरांत काय असतं ते बघा. इन्व्हर्टरवर पंखा, ट्यूब आणि टीव्हीचा पॉइंट. प्लेयर टीव्हीच्याच बोर्डावर. रिसीव्हर मात्र "जास्त ओढतो" म्हणून वेगळ्या सॉकेटवर, थेट मेनवर. लाइट गेली की रिसीव्हर मरतो, टीव्ही आणि प्लेयर जिवंत राहतात. लाइट आली की रिसीव्हर स्टँडबायमध्ये उठतो आणि पास-थ्रू सुरू करतो. प्लेयर नव्यानं बायोडाटा वाचतो, तोही टीव्हीचा. नंतर तुम्ही रिसीव्हर चालू करता. काही प्लेयर पुन्हा विचारतात. बरेच जण पहिलंच धरून बसतात. झालं, मागचे स्पीकर गप्प. एप्रिल-मेमध्ये लाइटचा खेळ वाढतो, म्हणून हा त्रासही त्याच दिवसांत वाढतो. स्टॅबिलायझरचा रिले 'टक्‌' करून बदलतो तेव्हाही कधीकधी असंच होतं. क्षणभर एचडीएमआय तुटतं आणि पुन्हा जुळताना प्लेयर दोन चॅनलवर येऊन थांबतो.

लगेचचा इलाज: सगळं बंद करा, तिन्ही प्लग काढा, दोन-चार मिनिटं थांबा. मग आधी टीव्ही, मग रिसीव्हर, तो पूर्ण उठला आणि त्याचा इनपुट निवडून झाला की मगच प्लेयर. शेवटी प्लेयर, हे डोक्यात ठेवा. बहुतेकांचा सुंठीवाचून खोकला जातो तो इथंच.

पण दर लाइटीला हे करत बसणं डोक्याला ताप आहे. कायमचा बंदोबस्त असा. प्लेयर आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर आणा, म्हणजे मरतील तर दोघं मरतील आणि उठतील तर दोघं उठतील. रिसीव्हरची पास-थ्रू सोय बंद करा. रिसीव्हर बंद ठेवून प्लेयरचं चित्र टीव्हीवर बघायचं नसेल तर तिचा काही उपयोग नाही. प्लेयरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ऑटो' आहे तिथं 'बिटस्ट्रीम' करा, म्हणजे डॉल्बी आणि डीटीएस तो न उघडता तसंच पुढं ढकलेल आणि उघडायचं काम रिसीव्हर करेल. एका यंत्राचं बटण दाबलं की दुसरं आपोआप चालू-बंद होतं, ती सीईसीची सोयही मी बंद ठेवतो. उठण्याचा क्रम तिनंच बिघडतो.

रिसीव्हर इन्व्हर्टरवर घ्यावा का, हा पुढचा प्रश्न येतोच. साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर घेऊ नका. ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागतो आणि ती गुणगुण शांत गाण्यात ऐकू येते. साइन वेव्ह असेल आणि क्षमता पुरत असेल तर हरकत नाही.

इलाज झाल्यावर डिस्प्ले बघा. बऱ्याच रिसीव्हरवर आत येणाऱ्या चॅनलची छोटी अक्षरं उजळतात: एल, सी, आर, एसएल, एसआर आणि एलएफई (पुढचा डावा, सेंटर, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि सबवूफरचा). ही सगळी पेटली तर खरं ५.१ येतंय. फक्त एल आणि आर पेटलेत आणि तरी पाचही स्पीकर वाजतायत, तर रिसीव्हर 'ऑल चॅनल स्टिरिओ', 'प्रो लॉजिक' किंवा तसल्याच एखाद्या मोडनं स्टिरिओ ताणून देतोय. पीसीएम, म्हणजे प्लेयरनंच उघडून दिलेला आवाज, येत असेल तर 'मल्टी चॅनल इन' असं काहीतरी दिसायला हवं. अक्षरं दिसत नसतील तर रिमोटवर 'इन्फो' किंवा 'स्टेटस' बटण असतं.

डिस्प्लेचं समाधान झालं की मग कान. 'डार्क साइड'मधल्या 'मनी' गाण्याच्या सुरुवातीची नाणी आणि गल्ल्याचा खणखणाट लावा. त्या आवाजांची टेपची लूप बनवतानाच चार कोपऱ्यांत फिरवायचा बेत होता, आणि ५.१ मध्ये ते आवाज खोलीभर फिरतात. मागच्या स्पीकरला कान लावून ऐका. तिथं काही आवाज येतात, काही येत नाहीत, असं हवं. जे पुढं तेच सगळं मागं, असं असेल तर अजून स्टिरिओच आहे.

डिस्कच चुकीची वाजतेय

एसएसीडीचा घोळ सगळ्यांत फसवा. २००३ ची 'डार्क साइड' ही हायब्रिड डिस्क आहे. तिच्यात एक साधा सीडीचा थर आहे, तो कुठल्याही प्लेयरवर वाजतो आणि तो स्टिरिओ आहे. ५.१ आहे एसएसीडीच्या थरात, आणि तो वाचायला तसाच प्लेयर लागतो. साध्या डीव्हीडी प्लेयरमध्ये डिस्क घातली, गाणं लागलं, म्हणजे ५.१ लागलं असं नाही. एसएसीडी वाचणारा प्लेयर असला तरी मेनूत दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारलेल्या असतात: कोणता थर वाजवू, आणि त्यातलं दोन चॅनल की मल्टी. दोन्ही बघा. तिसरी गोष्ट, एसएसीडीचा डीएसडी आवाज तसाच पाठवायला एचडीएमआय १.२ किंवा पुढचं लागतं. जुना रिसीव्हर डीएसडी घेत नसेल तर प्लेयरमध्ये ते बंद करून पीसीएम करा. ऑप्टिकल वायरीतून एसएसीडीचं ५.१ येणारच नाही, कितीही महागाची वायर घ्या.

डीव्हीडी-ऑडिओचं उलट आहे आणि आपल्या बाजूचं आहे. त्या डिस्कवर बहुधा दोन भाग असतात. उत्तम दर्जाचा भाग डीव्हीडी-ऑडिओ प्लेयरवरच वाजतो, पण दुसऱ्या व्हिडिओ भागात तेच ५.१ मिक्स डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये असतं आणि ते साध्या डीव्हीडी प्लेयरवर ऑप्टिकलनंही निघतं. स्वस्तातल्या प्लेयरमध्ये 'डिजिटल आउट'ला 'पीसीएम' आणि 'रॉ' असे पर्याय असतात, 'रॉ' हवं. 'डाउनमिक्स' असेल ते 'ऑफ'. ऑप्टिकलमधून पीसीएम दोनच चॅनलचं जातं, म्हणून 'पीसीएम' ठेवलंत तर मागचे स्पीकर कायमचे मौनात.

ब्लू-रे आणि मोठ्या बॉक्स सेटमध्ये मेनू नीट वाचा. बऱ्याच डिस्क सुरुवातीला स्टिरिओवर असतात, ५.१ आपण निवडायचं असतं. टीव्ही बंद ठेवून ऐकणाऱ्यांना हे कळतच नाही. 'डार्क साइड'चा २०११ चा इमर्शन बॉक्स घ्या: त्यात गथ्रीचं ५.१ आहे आणि ॲलन पार्सन्सचं १९७३ चं क्वाड्रोफोनिक मिक्सही आहे. हे क्वाड ४.०, म्हणजे पुढं दोन, मागं दोन. ते लावलं की सेंटर आणि सबवूफरचा चॅनल रिकामा राहणार. यावर "सेंटर गेला" म्हणून साप साप म्हणत भुई धोपटू नका. त्या काळी सेंटर नव्हताच. मला स्वतःला क्वाड जास्त आवडतं, कारण त्यात भीड न बाळगता वाद्यं मागं टाकलेली आहेत, ५.१ मध्ये गथ्री जरा सभ्यपणानं वागतो. पण क्वाडला मागचे स्पीकर पुढच्यांच्या तोडीचे लागतात. डब्यातल्या छोट्या सॅटेलाइट स्पीकरवर मागून आलेली गिटार पत्र्यावर वाजल्यासारखी येते. तिथं मागचे स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबकडं जातो ती हद्द) चढा ठेवा, बाकीचा खर्ज सबकडं जाऊ दे.

रिजन कोडचंही एक सांगून टाकतो. भारताचा डीव्हीडी रिजन ५ आणि ब्लू-रेचा सी. एसएसीडीला ही भानगड नाही. बाहेरून बॉक्स सेट मागवताना त्यातल्या व्हिडिओ डिस्कपुरतं बघून घ्या. आणि प्लेयरच परदेशातून आणत असाल तर मागची पट्टी वाचा: आपल्याकडं २३० व्होल्ट, जपानी घरगुती माल १०० व्होल्टचा.

वायरीतून जातं काय

टीव्ही मधे असला की घोळ वाढतो. प्लेयर टीव्हीला, टीव्ही रिसीव्हरला अशी जोडणी असेल तर साध्या एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनंच रिसीव्हरकडं परत आणायची सोय) डॉल्बी डिजिटलसारखं दाबलेलं ५.१ जातं, न दाबलेलं मल्टिचॅनल नाही. त्यासाठी ईएआरसी, म्हणजे त्याचाच सुधारलेला प्रकार, लागतं, तेही दोन्ही बाजूंना. शिवाय काही टीव्ही डीटीएस पुढं पाठवतच नाहीत, आणि या जुन्या अल्बमच्या डीव्हीडींवर डीटीएस भरपूर असतं. म्हणून संगीतासाठी प्लेयर थेट रिसीव्हरला जोडा आणि टीव्हीला फक्त चित्र दाखवू द्या. टीव्हीवरून घ्यायचंच असेल तर त्याचं 'डिजिटल ऑडिओ आउट' पीसीएमवरून 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा. टीव्ही अपडेट झाला की हे सेटिंग पुन्हा मूळपदावर येऊ शकतं, हेही लक्षात असू द्या.

ब्लूटूथनं मोबाइलवरून ५.१ येत नाही. फोनमधून रिसीव्हरला येतो तो स्टिरिओच. आपल्याकडं '५.१ होम थिएटर' म्हणून जे सेट मिळतात, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, एफएम आणि मागं लाल-पांढरा ऑक्स, त्यांतल्या बऱ्याच सेटना खरं ५.१ आत घ्यायला जागाच नसते. आत दोन चॅनल जातात, बाहेर पाच स्पीकर वाजतात. लाइट गेली-आली की हे सेट पुन्हा २.१ वर किंवा ब्लूटूथवर उठतात, आणि मागचे गप्प. रिमोटवरचं बटण दाबलं की परत वाजतील, पण त्याला सराउंड मिक्स म्हणू नका. सहा आरसीए किंवा हिरवा, नारिंगी, काळा असे तीन जॅक असतील तर गोष्ट वेगळी. त्यात खरं ५.१ घेता येतं. नारिंगी जॅकमध्ये सेंटर आणि सब असतात आणि ते उलटसुलट होण्याची सवय आहे. गायकाचा आवाज सबमधून डबक्यातून आल्यासारखा येतोय आणि सेंटर नुसता धपधपतोय, असं झालं तर ते दोन अदलाबदल करा; कॉम्प्युटरच्या साउंड ड्रायव्हरमध्ये त्याचा टिक-बॉक्सही असतो.

कॉम्प्युटरवर फाइली असतील तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय आउटपुटला '५.१' असं मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर तो दोनच धरतो. कोडी (फाइली वाजवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर चॅनलची संख्या आणि पास-थ्रू, दोन्ही बघा. फाइल लावल्यावर नुसताच 'शूऽऽ' असा वाळू ओतल्यासारखा आवाज येतोय? घाबरू नका. ती डीटीएस सीडीची फाइल आहे आणि कुणी तिला डीकोड करत नाहीये. प्लेयरचा व्हॉल्यूम पूर्ण १०० टक्के ठेवा, इक्वलायझर बंद करा, आवाज जसाच्या तसा रिसीव्हरकडं जाऊ द्या. एका टक्क्यानं जरी व्हॉल्यूम कमी केला तरी आतले आकडे बदलतात आणि रिसीव्हर ते ओळखत नाही. अशी फाइल एमपीथ्री करून ठेवलेली असेल तर ती गेली; कुठल्याही इलाजानं परत येणार नाही.

ॲटमॉसबद्दल थोडक्यात. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून जुने रॉक अल्बम ॲटमॉसमध्ये आहेत. छताचे स्पीकर नाहीत म्हणून हळहळू नका. ५.१ सेटवर वरचा आवाज खालच्या स्पीकरांत मिसळून येतो, गाळला जात नाही. ॲप आणि टीव्ही बॉक्स, दोन्हींकडं ॲटमॉस चालू आहे का एवढं तपासा. यूट्यूबवर शीर्षकात '५.१' किंवा '८डी' लिहिलेलं असतं, त्यातलं बहुतेक स्टिरिओच असतं.

वाजतायत, पण मजा नाही

सगळे चॅनल येतात, अक्षरं पेटलीत, तरी मागचं काही जाणवत नाही. ही तक्रार खोलीची.

दहा बाय बाराचा हॉल, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, मागचे स्पीकर डोक्यावर छताजवळ खिळ्याला टांगलेले. यातलं काहीच ५.१ ला मानवत नाही. पुढचे दोन आपल्या नाकाच्या रेषेपासून ३०-३० अंशांवर आणि मागचे साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या बाजूला, किंचित मागं. पाठीमागच्या भिंतीवर नव्हे! सोफा फूट-दीड फूट पुढं ओढा आणि मागचे स्पीकर बाजूच्या भिंतीवर कानापेक्षा थोडे वर घ्या. एका बाजूला स्वयंपाकघराचं दार असेल तर त्या बाजूचा स्पीकर स्टँडवर ठेवा. ऐकताना दारासमोर, एरवी कोपऱ्यात.

मग प्लस-मायनस. एका स्पीकरची वायर उलटी लागली की आवाज येतो पण जागेवर बसत नाही, पोकळ वाटतो, खर्ज पातळ होतो. दोन्ही टोकं रिसीव्हरपासून सोडवा आणि साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्यांना क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. 'टप्प' आवाज होऊन कागदी कोन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर वायर मधे कुठंतरी उलटी जोडलीय. जाळी काढून बोटानं हलकं टेकून ठेवलं तर डोळ्यांपेक्षा बोटालाच आधी कळतं. हे रिसीव्हरला जोडलेलं असताना करू नका.

अंतरं टेपनं मोजून भरा. एक मीटरला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. (आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, आपल्या मेच्या ४० अंशांना ३५५ च्या आसपास. पण तो सगळ्याच स्पीकरांना सारखा वाढतो, त्यामुळं उन्हाळ्याचं वेगळं सेटिंग वगैरे कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या.) मायक्रोफोन लावून आपोआप कॅलिब्रेशन करत असाल तर पंखा बंद करा. जिवावर येतं, पण पंख्याच्या वाऱ्यात घेतलेलं माप हमखास बिघडतं. शहराच्या पूर्व भागात घर असेल, शेजारी पॉवरलूमची खटखट असेल, तर लूम बंद असतात ती वेळ धरा. सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त आलं तर बदलू नका. सबच्या आत आवाजाला जो उशीर होतो तो त्यात धरलेला असतो. बाकी, आकडे स्वतः तपासा: फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपनं टेस्ट टोन सगळ्या स्पीकरांचा सारखा येतोय का बघा. ॲपचा आकडा खरा नसला तरी फरक खरा असतो.

'नाइट मोड', 'डायनॅमिक रेंज', 'ऑटो व्हॉल्यूम' बंद. सब नसेल तर सेटअपमध्ये 'सब: नाही' असं सांगा. नाहीतर रिसीव्हर सगळा खर्ज नसलेल्या सबकडं पाठवत बसतो आणि बेस गिटार हवेत विरते. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा.

शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वर स्लॅब: टाळी वाजवली की 'टर्र्र' असा बारीक पडसाद येतो आणि मागच्या स्पीकरची जागाच कळेनाशी होते. इथं आपल्या गावचा माल कामाला येतो. जाड सोलापुरी चादर दुहेरी करून सोफ्यामागच्या भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून टांगा, फरशीवर सतरंजी. वरचे आणि मधले सूर आवरतात. खर्जाचा घुमारा चादरीनं जात नाही, तो सब कोपऱ्यातून हलवूनच जातो. लोखंडी कपाट आणि शोकेसची काच खर्जाला थरथरते, त्या आवाजाला लोक स्पीकर फाटला समजतात. कपाटावर हात दाबून ठेवा. थरथर थांबली की कळेल.

गाणं जोरात आलं की रिसीव्हरच बंद पडतो

अल्बम रंगात आला, ड्रम सुरू झाले आणि रिसीव्हर 'टक्‌' करून बंद, डिस्प्लेवर 'प्रोटेक्ट'. गार असतानाही होत असेल तर वायरीचा एखादा तांब्याचा केस शेजारच्या टर्मिनलला टेकलाय. सगळी टोकं पिळून पुन्हा बसवा. तापल्यावरच होत असेल तर हवा. काचेच्या बंद शोकेसमधून रिसीव्हर बाहेर काढा, वर वीतभर जागा सोडा, त्यावर सेटटॉप बॉक्स ठेवू नका. लूमजवळच्या घरांत रुईचे बारीक तंतू जाळीत बसून गादी तयार होते. प्लग काढून मऊ ब्रशनं ती साफ करा, ओलं फडकं नको. पाचही स्पीकर ४ ओहमचे आणि रिसीव्हर ६ ओहमच्या पुढचं मागत असेल तर मे महिन्यात व्हॉल्यूम आवरता घ्या, दुसरा मार्ग नाही.

दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच तर आधी सगळ्या सेटिंग पानांचे मोबाइलवर फोटो काढा, कारण फॅक्टरी रीसेट हे तिथलं पहिलं काम असतं. रिमोट बरोबर न्या. कोणता चॅनल, कोणत्या इनपुटवर, गार असताना की तापल्यावर, हे कागदावर लिहून चिकटवा. नुसतं "मागचा आवाज येत नाही" म्हणून ठेवून आलात, तर तो पुढं दोन स्पीकर लावेल, मोबाइलवरून ब्लूटूथनं एक गाणं वाजवेल आणि "चालू आहे की ओ" म्हणून परत देईल. जमत असेल तर प्लेयर आणि ५.१ ची एक डिस्क पिशवीत टाकून न्या आणि बिघाड त्याच्यासमोर करून दाखवा.